बॉयलरची विद्या आणि आपली जबाबदारी



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी प्रसिद्ध होते. कोणी वैद्यकशास्त्राची पदवी संपादन केलेली असते, कोणी संगणकशास्त्राची, कोणी व्यवस्थापनशास्त्राची. ती यादी वाचताना कोणाचाही ऊर अभिमानाने भरून यावा. परंतु कॅनडातील एखाद्या तंत्रमहाविद्यालयात दोन वर्षे पॉवर इंजिनिअरिंगचा अभ्यास करून बॉयलर चालविण्याचे प्रमाणपत्र मिळविलेल्या मुलाचे अथवा मुलीचे नाव त्या यादीत मला आजवर दिसलेले नाही. अशी मुले आपल्यात नाहीत, असे नव्हे. ती आहेत, परंतु त्यांचे आईवडील नाव कळवीत नाहीत आणि आपणही ते आवर्जून विचारीत नाही. या मौनाविषयी आणि या शिक्षणाविषयी चार शब्द लिहावेत, असे मला वाटते.

एका डॉक्टरने बॉयलरविषयी का लिहावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या रुग्णालयात मी काम करते त्याचा प्राण तळघरातील बॉयलरघरात आहे. शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करावयाची तर ऑटोक्लेव्हला वाफ हवी. १२१ अंश सेल्सिअसची कोरडी संपृक्त वाफ किमान पंधरा मिनिटे मिळाली नाही, तर जगातील कुशल शल्यविशारदाचे हातही निरुपयोगी ठरतात. अल्बर्टात हिवाळ्याच्या रात्री पारा उणे तीसपर्यंत उतरतो. अशा वेळी नवजात बालकांच्या कक्षात जी ऊब असते ती कोठून येते? जमिनीखालच्या त्या खोलीत कोणीतरी जागा असतो म्हणून येते. रुग्णाच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या आम्हा डॉक्टरांचे आभार मानले जातात. त्या जागणाऱ्या माणसाचे नावही कोणास ठाऊक नसते.

एकदा मी मुद्दाम तेथे गेले. रात्रपाळीचे पॉवर इंजिनिअर नोंदवहीत आकडे लिहीत होते. त्यांनी मला सांगितले की, डॉक्टरांच्या रुग्णाला बोलता येते, तो कोठे दुखते ते सांगतो. बॉयलर मात्र बोलत नाही, त्याची नाडी काचनळीतील पाण्यावरून, चिमणीतील वायूच्या तापमानावरून आणि पंपाच्या आवाजावरून ओळखावी लागते. निदानशास्त्राची याहून चांगली व्याख्या मी वैद्यकीय महाविद्यालयातही ऐकलेली नव्हती.

या कामात ज्ञान किती लागते, हे सामान्य माणसाला माहीत नसते. बॉयलर म्हणजे मोठी चूल, अशीच आपली कल्पना असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. वातावरणाच्या दहापट दाबाखाली पाणी सुमारे १८० अंशांना उकळते. अशा पाण्याने भरलेले पोलादी भांडे फुटले की दाब एकाएकी नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ बनतो. एक लिटर पाण्याची साध्या हवेच्या दाबाला सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते, हे लक्षात घेतले म्हणजे बॉयलरचा स्फोट इमारती का उडवून देतो ते कळते. पाण्याची पातळी खाली गेली की नळ्या उघड्या पडून लाल होतात आणि पोलादाचे बळ जाते. अशा वेळी अडाणी माणूस घाबरून थंड पाणी सोडतो आणि अनर्थ ओढवून घेतो; शिकलेला माणूस आधी इंधन बंद करतो. भट्टी विझल्यावर आत जळाऊ वायू साठलेला असू शकतो. म्हणून पुन्हा पेटविण्यापूर्वी पंख्याने भरपूर हवा खेळवून भट्टी साफ करावी लागते. पाण्यातील क्षार नळ्यांवर थर धरतात, विरघळलेला ऑक्सिजन पोलादाला खड्डे पाडतो; म्हणून पाण्याचे रसायनशास्त्र शिकावे लागते. उष्मागतिकी, धातुविद्या, वीजशास्त्र, नियंत्रणयंत्रणा, कायदा असे सारे विषय या एका परवान्यात सामावलेले आहेत.

हे शहाणपण समाजाला फुकट मिळालेले नाही. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉकटन या गावी ग्रोव्हर बूट कारखान्यातील बॉयलर फुटला आणि ५८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरविषयक कायदा केला आणि पुढे अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलरची संहिता तयार केली. हिंदुस्थानातही १८६३ मध्ये कलकत्त्यास झालेल्या स्फोटानंतरच १८६४ चा बंगालचा तपासणी कायदा आला. देशभराचा एक कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी प्रेत आहे. पॉवर इंजिनिअरिंगचे पाठ्यपुस्तक हे या अर्थाने मृतांच्या अनुभवातून लिहिले गेलेले पुस्तक आहे.

आता कॅनडातील व्यवस्था पाहू. येथे पॉवर इंजिनिअरचे पाच वर्ग आहेत. पाचवा सर्वांत खालचा, पहिला सर्वांत वरचा. संयंत्राची क्षमता जितकी मोठी, तितक्या वरच्या वर्गाचा माणूस तेथे प्रमुख म्हणून असावा लागतो. बहुतेक प्रांतांत परीक्षेचा अभ्यासक्रम समान आहे. चौथ्या वर्गाला दोन प्रश्नपत्रिका, तिसऱ्याला चार, पुढे त्याहून अधिक. उत्तीर्ण होण्यास ६५ टक्के गुण लागतात. कॅल्गरीचे सेट, एडमंटनचे नेट, ब्रिटिश कोलंबियातील बीसीआयटी या तंत्रसंस्थांत हे शिक्षण मिळते. त्यांपैकी सेटची स्थापना १९१६ मधील आहे, म्हणजे ही परंपरा काही कालपरवाची नव्हे. या शिक्षणाचा खरा गुण असा की, येथे जिना आहे. पाचव्या वर्गातून शिरलेला मनुष्य नोकरी करीत, एकेक परीक्षा देत पहिल्या वर्गापर्यंत चढू शकतो आणि अवाढव्य संयंत्राचा मुख्य अभियंता होऊ शकतो. त्याच्या आजोबांचा व्यवसाय कोणता होता, असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत विचारला जात नाही.

परंतु या जिन्याची एक पायरी मोडकी आहे, आणि माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

केवळ लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याने प्रमाणपत्र मिळत नाही. चालू बॉयलरवर देखरेखीखाली ठरावीक काळ काम केल्याची नोंद लागते. येथील भाषेत त्यास ‘स्टीम टाइम’ म्हणतात. ही अट योग्यच आहे. रुग्णाला हात न लावता डॉक्टर होता येत नाही, तसेच बॉयलरला हात न लावता त्याचा चालक होता येत नाही. प्रश्न असा की, हा वाफेचा काळ विद्यार्थ्याला देणार कोण? महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमातून त्यातील काही काळ भरून निघतो, परंतु उरलेल्या काळासाठी विद्यार्थ्याला स्वतःच दारोदार फिरावे लागते. प्रमाणपत्र नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून स्टीम टाइम नाही आणि स्टीम टाइम नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. चंद्रपूरच्या एका वीज कामगाराचा मुलगा माझ्या परिचयाचा आहे. त्याने चौथ्या वर्गाच्या दोन्ही प्रश्नपत्रिका पहिल्याच प्रयत्नात सोडविल्या आणि त्यानंतर चौदा महिने तो रात्री गोदामात खोकी उचलीत होता. त्याच वर्गातील ज्यांचे काका वा मामा एखाद्या संयंत्रात कामाला होते, त्यांना महिनाभरात प्रवेश मिळाला.

येथे कोणी जात विचारली नाही, हे खरे. परंतु ज्ञान संपादन करूनही ते वापरण्याचे दार ओळखीच्या किल्लीनेच उघडत असेल, तर अशा दाराचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपण तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, जितक्या विद्यार्थ्यांना वाफेचा पूर्ण काळ देण्याची सोय महाविद्यालयापाशी असेल, तितक्याच विद्यार्थ्यांना त्याने प्रवेश द्यावा. अन्यथा शुल्क घेणे म्हणजे अर्धे शिक्षण पूर्ण किमतीला विकणे होय. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संयंत्राचे मालक शिकाऊ मुलांना घ्यावयास तयार नसतात. त्यांना विम्याची, अपघाताची आणि खर्चाची भीती वाटते. भीती अनाठायी नाही. परंतु रुग्णालये तरी शिकाऊ डॉक्टरांना आनंदाने घेत होती काय? वैद्यकीय शिक्षणात रुग्णालय हेच विद्यालय मानले गेले, त्यासाठी सार्वजनिक निधी दिला गेला, शिकविणाऱ्यास वेळ दिला गेला, तेव्हा ती प्रथा रुजली. प्रत्येक मोठ्या शहरात सार्वजनिक पैशावर चालणारी रुग्णालये आणि विद्यापीठे आहेत, त्यांची बॉयलरघरे आहेत. ‘टीचिंग हॉस्पिटल’ जर असू शकते, तर ‘टीचिंग बॉयलरघर’ का असू नये? शासनाने आपल्या अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक संयंत्रावर ठरावीक शिकाऊ जागा राखण्याची अट घातली, तर निम्मा प्रश्न सुटेल.

दुसरा आक्षेप असा की, आता संगणकावरील सिम्युलेटर आले आहेत, प्रत्यक्ष बॉयलरची एवढी गरज उरलेली नाही. सिम्युलेटरचे महत्त्व मी नाकारीत नाही. क्वचित उद्भवणारे संकट पुन:पुन्हा अनुभवण्यास त्यासारखे साधन नाही. खऱ्या बॉयलरमधील पाणी मुद्दाम आटवून कोणी शिकवू शकत नाही. आम्ही डॉक्टरही हृदय पुन्हा सुरू करण्याचा सराव प्रथम पुतळ्यावरच करतो. परंतु पुतळ्यावर शिकलेला माणूस थेट अतिदक्षता विभागाचा प्रमुख होत नाही. उष्णता, आवाज, गळणाऱ्या झडपेचा वास आणि पहाटे तीनची झोप यांचा धडा पडद्यावर मिळत नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळते. मला ठाऊक आहे की, काही वडीलधारी मंडळी म्हणतील, “डॉक्टरबाई, तुम्ही स्वतः डॉक्टर झालात आणि आमच्या मुलांना भट्टीकडे पाठविता काय? हाताच्या कामातून सुटण्यासाठीच तर आम्ही सातासमुद्रापार आलो.” हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण त्यामागे आपल्या आईवडिलांचे घामाचे आणि अपमानाचे आयुष्य आहे. परंतु आपण कशापासून सुटलो, याचा नीट विचार करावयास हवा. आपल्या पूर्वजांवर जे लादले गेले ते केवळ श्रम नव्हते; जन्माने ठरविलेले, शिक्षणाला पारखे केलेले, बढतीला वाव नसलेले आणि ज्यातून बाहेर पडण्याची मुभा नसलेले श्रम ते होते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. स्वेच्छेने निवडलेले, परीक्षेने सिद्ध केलेले, कायद्याने संरक्षिलेले आणि चांगले वेतन देणारे तांत्रिक काम ही त्याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. आणि पदवीवाल्याने परवानेवाल्याला खालचा समजावे, ही वृत्ती आपल्या बैठकांत शिरली असेल, तर ज्या उतरंडीतून आपण निसटलो तीच आपण परदेशात नव्याने रचीत आहोत.

बाबासाहेबांचा दृष्टिकोन यासंबंधी काय होता? जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना नित्य वंदन करतो; परंतु कामगार, पाटबंधारे आणि वीज हे विषय एकाच वेळी त्यांच्या हाती होते, हे आपण विसरतो. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर विद्युतविकासाविषयी त्यांनी धोरण समितीपुढे विवेचन केले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ मध्ये, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ अस्तित्वात आले. त्याआधी ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च वैज्ञानिक व तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि त्याचबरोबर सरकारी छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, अशीही मागणी केली. परदेशी पदवी आणि कार्यशाळेतील उमेदवारी या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर मागितल्या. स्वतः कोलंबिया व लंडन येथील पदव्या संपादन केलेल्या या महापुरुषाने कार्यशाळेला कमी लेखले नाही. मग आपण कोण?

मायदेशातील चित्र तर अधिक चिंताजनक आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटच्या संचाच्या बॉयलरमध्ये स्फोट झाला. तीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०२० मध्ये तामिळनाडूतील नेयवेली येथे बॉयलरच्या स्फोटात पुन्हा बळी गेले. दोन्ही ठिकाणी बळींमध्ये कंत्राटी कामगार होते. आपल्या कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथील वीजकेंद्रांच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना ही कंत्राटी रांग चांगली परिचित आहे. नियंत्रणकक्षात प्रशिक्षित अभियंता बसलेला असतो, परंतु राख काढणारा, पाइपाला वेष्टण घालणारा, नळ्या साफ करणारा मनुष्य ठेकेदाराचा असतो आणि त्याला फार तर एक शिरस्त्राण दिलेले असते. भारतातही बॉयलर अटेंडंटचे प्रथम व द्वितीय श्रेणीचे प्रमाणपत्र आणि बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा आहे. नागपुरात राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचे केंद्रही आहे. १९२३ च्या कायद्याची जागा घेणारा नवा बॉयलर कायदा २०२५ मध्ये आला. त्यात किरकोळ गुन्ह्यांचे फौजदारी स्वरूप काढून टाकले असून जीवितहानी घडवू शकणाऱ्या मोठ्या गुन्ह्यांना शिक्षा कायम ठेवली आहे. परंतु शिक्षा अपघातानंतर होते. शिक्षण अपघाताआधी व्हावे लागते. बॉयलरच्या शंभर पावलांत काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणाच्याही हजेरीपटावर असो, धोक्याची प्राथमिक ओळख करून देणारे शिक्षण वेतनासह मिळाले पाहिजे, अशी मागणी आपण येथून सातत्याने केली पाहिजे.

डॉक्टर या नात्याने आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. हे काम निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही. पाळीच्या कामाने झोप बिघडते आणि रक्तदाब, मधुमेह यांची शक्यता वाढते. सतत ८५ डेसिबलच्या वर आवाज असलेल्या जागी कानाला संरक्षण न घेतल्यास बहिरेपण येते व ते भरून निघत नाही. जुन्या बॉयलरघरांतील पाइपांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असते. त्याच्या धुळीने होणारा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. कॅनडाने २०१८ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली, परंतु जुन्या भिंतींतील ॲस्बेस्टॉस बंदीने नाहीसे झालेले नाही. महाविद्यालयांनी यंत्राच्या आरोग्याइतकेच चालकाचे आरोग्यही अभ्यासक्रमात सविस्तर शिकवावे.

कोळसा बंद होत असताना या विद्येला भवितव्य काय, असेही विचारले जाईल. अल्बर्टाने जून २०२४ मध्ये कोळशावरील वीजनिर्मिती थांबविली, हे खरे. परंतु थांबला तो कोळसा, वाफ नव्हे. नैसर्गिक वायूच्या संयुक्त चक्राच्या केंद्रांत टर्बाइनच्या उष्ण वायूवर वाफच तयार होते. तेलशुद्धी, कागद, अन्नप्रक्रिया, रुग्णालये, अणुवीज या सर्वांना वाफ लागतेच. शिक्षण बदलावे लागेल, संपणार नाही.

अखेरीस आपल्या संघटनेपुढे मी तीन सूचना ठेवते. एक : आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत ‘विद्यापीठाची पदवी’ हे शब्द आहेत, तेथे ‘पदवी, पदविका अथवा शासनमान्य तांत्रिक प्रमाणपत्र’ असे शब्द घालावेत. दोन : आपल्यातील जे बांधव-भगिनी संयंत्रांत, रुग्णालयांत वा नगरपालिकांत अधिकाराच्या जागी आहेत, त्यांनी शिकाऊ जागांची माहिती संघटनेकडे कळवावी आणि ती सर्व विद्यार्थ्यांना उघडपणे मिळावी. ओळखीच्या किल्लीवर उत्तम उपाय म्हणजे दार सर्वांसाठी उघडणे. आपल्यापुरती दुसरी किल्ली घडविणे नव्हे. तीन : मुलींना या शिक्षणाकडे आवर्जून वळवावे. गेज ग्लासमधील पाण्याची पातळी पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरी दिसत नाही.

पुढील वर्षीच्या गुणवंतांच्या यादीत एक तरी नाव असे असावे, ज्याच्यापुढे ‘चतुर्थ वर्ग, पॉवर इंजिनिअर’ असे लिहिलेले असेल, आणि त्या मुलाला वा मुलीला व्यासपीठावर बोलाविताना टाळ्यांचा आवाज डॉक्टरसाठी होतो तेवढाच व्हावा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश पाळताना त्याला आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांची कुंपणे घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जयभीम!